लीड म्हणतात, ‘फॉल्स पाथ टाकून दे’

प्रश्न

काका, मी कोल्हापूरची. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी इथेच घेतली आणि गेली दोन वर्षं बेंगळुरूत एका कंपनीत सिंथेसिस (डिझाइनच्या कोडचं गेट्समध्ये रूपांतर) आणि टायमिंगचं (सिग्नल वेळेत पोहोचतात का ते तपासण्याचं) काम करते. आमची टीम वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेली चिप बनवते. आजीच्या आजारपणामुळे सध्या महिनाभर राजारामपुरीतल्या घरूनच काम चालू आहे. टेपआउट (पूर्ण झालेलं डिझाइन कारखान्याकडे पाठवणं) तोंडावर आलाय. माझ्या ब्लॉकमध्ये १६० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवरून ३२० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर जाणारे काही पाथ (सिग्नलच्या वाटा) स्लो कॉर्नरला (चिप सर्वांत हळू चालेल अशा परिस्थितीत) १८० पिकोसेकंदांनी मागे पडतायत. लीड (टीमप्रमुख) म्हणाले, “ती कॉन्फिगरेशनची रजिस्टर्स आहेत, दोन क्लॉकमध्ये फॉल्स पाथ टाकून दे आणि पुढे चल.” म्हणजे ती सेटिंग साठवणारी रजिस्टर्स आहेत, तेव्हा त्या वाटांची वेळ तपासूच नको असं सॉफ्टवेअरला सांग. डिझायनर फोनवर “हो, बहुतेक स्टॅटिकच (न बदलणारी) आहेत” एवढंच म्हणाला. मला पटत नाहीये, पण दोन वर्षांच्या अनुभवावर लीडना नाही कसं म्हणू?

शिवाय मी नुसत्या स्क्रिप्ट चालवते असं सारखं वाटतं. यात पुढे काही आहे का? वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ते विचारतात, “पोरी, तू करतीस तरी काय तिथं?” मला धड सांगता येत नाही. आणि हे काम कायमचं कोल्हापुरातून होऊ शकेल का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

तुझे प्रश्न चार आहेत, पण टेपआउट तुझ्यासाठी थांबणार नाही, म्हणून पहिल्यालाच सर्वांत जास्त जागा देतो.

तुझी शंका रास्त आहे. लीडचं म्हणणंही खरं असू शकेल. अनुभवी माणसाला एखाद्या ब्लॉकची रजिस्टर्स तोंडपाठ असतात. पण ‘ती रजिस्टर्स स्टॅटिक आहेत’ हे एक विधान झालं, आणि ‘या दोन क्लॉकमध्ये फॉल्स पाथ’ ही त्याहून कितीतरी मोठी कमांड आहे. दहा-बारा रजिस्टर्ससाठी तू दोन क्लॉकमधले सगळेच पाथ झाकून टाकशील. त्यात आजचे चालू डेटाचे पाथ येतील आणि पुढच्या आठवड्यात आरटीएलमध्ये (डिझाइनच्या मूळ कोडमध्ये) कुणी नवा पाथ घातला तर तोही निमूटपणे त्यातच जाईल.

तू लिहिलं नाहीस, पण १६० आणि ३२० म्हणजे बहुधा दोन्ही क्लॉक एकाच पीएलएलमधून (क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटमधून) निघतात आणि एक दुसऱ्याला दोनने भागून मिळतो. तसं असेल तर ते एकमेकांशी सिंक्रोनस आहेत, म्हणजे त्यांच्या कडा जुळलेल्या आहेत. १६० च्या कडेवर निघालेला डेटा ३२० च्या पुढच्याच कडेवर पकडला जाणार, म्हणजे हातात ३.१२५ नॅनोसेकंद. त्यातून क्लॉकची अनिश्चितता आणि फ्लॉपचा (डेटा पकडणाऱ्या घटकाचा) सेटअप, म्हणजे कडेच्या आधी डेटा स्थिर हवा तो वेळ, वजा करायचा. टूल (टायमिंग तपासणारं सॉफ्टवेअर) ज्याला १८० पिकोसेकंदांची तूट म्हणतं, ती या हिशेबातली आहे.

आता फॉल्स पाथ टाकल्यावर नेमकं काय होतं ते बघ, कारण टीममधले बरेच जण इथेच गफलत करतात. त्यांना वाटतं, पाथ आहे तसाच राहील, फक्त रिपोर्टात दिसणार नाही. तसं होत नाही. टूलच्या लेखी त्या पाथला वेळेचं बंधनच उरत नाही. मग एरिया आणि लीकेज (विजेची गळती) वाचवण्याच्या फेरीत टूल तिथल्या वेगवान सेल काढून लहान, हाय-व्हीटी (हळू पण कमी गळतीच्या) सेल बसवतं, आणि तो त्याचा हक्कच आहे. प्लेसमेंटमध्ये ते फ्लॉप दूर दूर गेले तरी त्याला काही वाटत नाही. आज १८० पिकोसेकंदांनी मागे असलेला पाथ पुढच्या रनला एक नॅनोसेकंदाने मागे गेलेला असू शकतो, आणि तुला ते कुठेच दिसणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘सेटअप’ असं वेगळं न सांगता फॉल्स पाथ टाकला की होल्डची, म्हणजे कडेनंतर डेटा पुरेसा वेळ टिकतो का याची, तपासणीही जाते. सेटअप चुकला तर क्लॉक हळू करून किंवा व्होल्टेज वाढवून चिप निदान लॅबमध्ये चालवता येते. होल्डच्या हिशेबात क्लॉकचा कालावधी येतच नाही. तिथे चूक राहिली तर क्लॉक कितीही हळू केला तरी डेटा चुकीचाच पकडला जातो.

ही चूक पुढे पकडणारंही फारसं कुणी नसतं. इक्विव्हॅलन्स चेक फक्त लॉजिक सारखं आहे का ते बघतो, त्याला वेळेशी देणंघेणं नाही. आरटीएल सिम्युलेशनमध्ये विलंब नसतो. एसडीएफ (विलंबांची फाइल) लावून केलेलं गेट लेव्हल सिम्युलेशन ती पकडू शकतं, पण ते मोजक्याच टेस्टवर चालतं. मग चिप परत येते आणि तुमच्या क्षेत्रात ही चूक ओळखू येणार नाही अशा रूपात समोर येते. काही नग ठीक चालतात, काही नगांत थंडीत किंवा कमी व्होल्टेजला पॅकेट एरर रेट वाढतो. सगळे अँटेना, आरएफ, कॅलिब्रेशन, फर्मवेअर तपासत बसतात, कारण वायरलेस चिपमध्ये पॅकेट हरवायला शंभर कारणं असतात आणि कॉन्फिगरेशनच्या एका बिटावर कुणाचा संशय जात नाही. सापडलं तरी दुरुस्तीसाठी मास्क (चिप छापायचे साचे) बदलावे लागतात. प्रगत नोडवर मास्कचा संच कित्येक कोटींचा असतो आणि नवी चिप हातात यायला महिने जातात.

म्हणून लीडना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी त्या पाथचं खरं रूप शोध. शक्यता चार आहेत.

पहिली, रजिस्टर खरोखर स्टॅटिक आहे. म्हणजे फर्मवेअर ते ब्लॉक बंद असताना किंवा रिसेटमध्ये असताना लिहितं आणि ब्लॉक चालू असेपर्यंत हात लावत नाही. तसं असेल तर फॉल्स पाथ योग्य आहे, फक्त त्याच रजिस्टर्सपासून, नावानिशी. आणि व्हेरिफिकेशनच्या टीमला एक असर्शन लावायला सांग: एनेबल वर असताना ही किंमत बदलता कामा नये. वायफायमध्ये इथेच फसगत होते. ‘कॉन्फिगरेशन’ म्हणून ओळखली जाणारी काही रजिस्टर्स दर पॅकेटला बदलतात. मॉड्युलेशन, बँडविड्थ, गेनचं टेबल. नावावरून ठरवू नकोस. कोण लिहितं आणि केव्हा लिहितं, हे विचार.

दुसरी शक्यता, दोन्ही क्लॉक खरोखर असिंक्रोनस आहेत आणि मध्ये सिंक्रोनायझर किंवा फिफो (डेटाची रांग) आहे. मग सीडीसीचा (एका क्लॉकवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या सिग्नलच्या तपासणीचा) रिपोर्ट पुरावा म्हणून मिळायला हवा. फिफोच्या ग्रे-कोड (एका वेळी एकच बिट बदलणाऱ्या) पॉइंटरवर नुसता फॉल्स पाथ टाकून सोडू नये. त्याचे बिट एकमेकांच्या फार मागेपुढे पोहोचले तर ग्रे कोडचा उपयोगच संपतो, म्हणून तिथे मॅक्स डिलेची (कमाल विलंबाची) मर्यादा घालतात. आणि हे लक्षात ठेव की त्या दोन क्लॉकवर आधीच असिंक्रोनस क्लॉक ग्रुप (त्यांच्यातलं काहीच तपासू नको ही सूचना) टाकलेला असेल तर तुझी मॅक्स डिले मर्यादा चालत नाही. टूल ती बाजूला सारतं.

तिसरी, तो मल्टिसायकल आहे, म्हणजे त्याला एकाहून जास्त कालावधी मिळतात. डेटा दर दोन कालावधींनी एकदाच बदलतो आणि घेणारा फ्लॉप एनेबलवर उघडतो. मग सेटअपला २ दे आणि होल्डला १ द्यायला विसरू नकोस. होल्ड सोडला तर टूल तो एक अख्खा कालावधी पुढे तपासतं आणि ती मागणी पुरी करायला बफरांची रांग लावतं. एरिया आणि पॉवर दोन्ही वाढतात. तुझ्या बाबतीत दोन क्लॉकचे वेग वेगळे आहेत, तेव्हा कालावधी पाठवणाऱ्या क्लॉकचे मोजायचे की घेणाऱ्याचे, म्हणजे स्टार्ट की एंड, हे स्पष्ट लिही. लिहिल्यावर रिपोर्ट उघडून दोन्ही कडा नेमक्या कुठे पडल्या ते डोळ्यांनी बघ.

चौथी शक्यता सर्वांना नकोशी असते: पाथ खरा आहे आणि तो सुधारायलाच हवा. इथे वायरलेसची माहिती तुझ्या कामी येईल. डिझायनर म्हणेल, पाइपलाइनचा एक टप्पा वाढवला तर लेटन्सी बिघडेल. हिशेब करून दाखव. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पॅकेट मिळाल्यावर पोचपावती पाठवायला वायफायला १६ मायक्रोसेकंद असतात, म्हणजे ३२० मेगाहर्ट्झचे ५,१२० कालावधी. त्यातले बरेचसे आधीच खर्ची पडलेले असतात हे खरं, पण सरळ पुढे जाणाऱ्या डेटामध्ये, उदाहरणार्थ एफएफटीच्या (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणाऱ्या गणिताच्या) वाटेवर, एक टप्पा वाढवण्याची जागा सहसा निघते. उलट व्हिटर्बी डिकोडरमधल्या (आलेल्या डेटातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या भागातल्या) बेरीज-तुलना-निवडीच्या लूपमध्ये किंवा एजीसीच्या (सिग्नलची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या भागाच्या) फीडबॅकमध्ये तसं करता येत नाही, कारण पुढची किंमत आधीच्या किमतीवर अवलंबून असते. तुझा पाथ लूपमध्ये आहे की सरळ वाटेवर, एवढं कळलं तरी चर्चा पुढे सरकेल. १८० पिकोसेकंद म्हणजे ३.१२५ नॅनोसेकंदांच्या सहा टक्क्यांहूनही कमी. तो पाथ वेगळ्या पाथ ग्रुपमध्ये घालून, लॉजिकची रचना थोडी बदलून आणि मोजक्या सेल लो-व्हीटी (वेगवान पण जास्त गळतीच्या) करून ही तूट भरून निघणं अशक्य नाही. लो-व्हीटी मात्र हात राखून. ब्लूटूथचा भाग नाण्याएवढ्या बॅटरीवर महिनोन् महिने झोपलेला असतो आणि तेव्हा लीकेजच मोजलं जातं.

आता माणसांकडे येऊ. डिझायनरच्या फोनवरच्या ‘बहुतेक’वर काही ठरवू नकोस. आजच त्याला मेल कर, लीडना प्रत ठेव. मजकूर एवढाच: पाथ कुठून कुठे जातो, कोणत्या कॉर्नरला किती तूट आहे, आणि तीन प्रश्न. हे रजिस्टर कोण लिहितं? ब्लॉक चालू असताना किंमत बदलते का? घेणाऱ्या बाजूला एनेबल आहे का? एका-दोन शब्दांत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारलेस तर गडबडीतला माणूसही पाच मिनिटांत उत्तर देतो. ‘प्लीज कन्फर्म’ असं मोघम लिहिलंस तर तो ‘कन्फर्म्ड’ लिहून मोकळा होईल आणि तू होतीस तिथेच राहशील.

लीडशी बोलताना त्यांची चूक काढते आहेस असा सूर नको, कारण तशी ती निघेलच असं नाही. म्हण, “सर, फॉल्स पाथ टाकायला माझी हरकत नाही. पण क्लॉक टू क्लॉक टाकला तर इतके पाथ झाकले जातायत आणि त्यातले इतके कॉन्फिगरेशनचे नाहीत. नावानिशी यादी टाकू का?” हा आकडा काढायला तुला एक रन पुरेल. एक्सेप्शन (फॉल्स पाथसारखी सूट) न टाकता त्या दोन क्लॉकमधल्या सगळ्या पाथची यादी काढ, सुरुवातीच्या रजिस्टरप्रमाणे गट पाड आणि ते पान समोर ठेव. चांगला लीड आकडा बघून मत बदलतो. माझ्या पाहण्यातले बरेचसे लीड चांगलेच असतात. ते फक्त एकाच वेळी बारा ब्लॉक सांभाळत असतात.

तरीही ते म्हणाले, “टाकच”, तर टाक. निर्णय त्यांचा आहे. एसडीसीमध्ये (टायमिंगच्या अटींच्या फाइलमध्ये) त्या ओळीच्या वर कारण, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिही, साइन-ऑफच्या (अंतिम मंजुरीच्या) एक्सेप्शनच्या यादीत ती ओळ ठेव आणि त्या बैठकीत ती वाचून दाखव. माझ्या मते मर्यादेची रेषा इथे आहे: यादीतून ती ओळ काढायला किंवा कारण खोटं लिहायला सांगितलं तर स्वच्छ नाही म्हण आणि साइन-ऑफची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे जा. अनुभव दोन वर्षांचा आहे म्हणून ते तुझं काम राहत नाही, असं नाही. तो पाथ आत्ता उघडून बघणारी बहुधा तू एकटीच आहेस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच बरंचसं येऊन गेलं. स्क्रिप्ट चालवणं हे या कामाचं फक्त दार आहे. चिप डिझाइनची टूल बनवणाऱ्या सिनॉप्सिसने २०२० साली डीएसओ.एआय आणलं, कॅडेन्सने २०२१ साली सेरेब्रस. टूलची कोणती सेटिंग लावली तर एरिया, पॉवर आणि टायमिंग चांगलं मिळेल हे ती स्वतः शोधतात. रनमागून रन टाकून आकडा सुधारण्याचं काम त्यांच्याकडे जाणार हे उघड आहे. पण ती तुझी एसडीसी खरी मानून चालतात. कन्स्ट्रेंट (टायमिंगची अट) चुकीचा असेल तर चुकीच्याच प्रश्नाचं उत्तम उत्तर काढून देतील. कोणता क्लॉक कोणत्या मोडमध्ये चालतो, कोणता पाथ खरा, कोणता नाही, हे चिप समजलेल्या माणसालाच ठरवावं लागतं, आणि वायरलेसमध्ये हे विशेष गुंतागुंतीचं असतं. झोपेतला क्लॉक ३२.७६८ किलोहर्ट्झचा, जागेपणीचा शेकडो मेगाहर्ट्झचा. ४० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचं ६१ वं हार्मोनिक (६१ पट फ्रिक्वेन्सी) २,४४० मेगाहर्ट्झवर, म्हणजे थेट ब्लूटूथच्या एका चॅनेलवर येऊन पडतं, म्हणून काही चिपमध्ये ऐकायच्या चॅनेलप्रमाणे क्लॉकचा वेग थोडा हलवतात. मग त्या प्रत्येक वेगाला टायमिंग बसायला हवं. हे सगळं ज्याला माहीत आहे तो माणूस आर्किटेक्टच्या शेजारी बसतो.

तिथे पोहोचायला रोज एक सवय लाव: सर्वांत वाईट पाच पाथ उघडायचे आणि ते आरटीएलच्या कोणत्या ओळीतून आले ते शोधायचं. आणि आपल्या ब्लॉकच्या सगळ्या क्लॉकचं चित्र एका कागदावर स्वतःच्या हाताने काढ; कुठे जन्मतात, कुठे भागले जातात, कुठे गेट होतात. महत्त्वाच्या बहुतेक शंका हे चित्र काढतानाच येतात. चेक टायमिंगचे इशारे आणि अ‍ॅनालिसिस कव्हरेजचा रिपोर्ट वाचायला आळस करू नकोस. न तपासलेले पाथ तिथेच कळतात. घरी सराव करायचा असेल तर योसिस (सिंथेसिसचं टूल), ओपन-एसटीए (टायमिंगचं टूल) आणि स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं खुलं पीडीके (कारखान्याच्या तांत्रिक माहितीचा संच) फुकट मिळतं. एक लहान एफएफटी घे, कन्स्ट्रेंट स्वतः लिही, मग मुद्दाम एक चुकीचा फॉल्स पाथ टाकून नेटलिस्टमध्ये (गेट्सच्या जोडणीत) काय बदललं ते बघ. कंपनीची लायब्ररी किंवा स्क्रिप्ट मात्र या सरावात अजिबात आणू नकोस.

वडिलांना सांगणं सोपं आहे, त्यांच्याच धंद्यातून सांग. त्यांच्याकडे जॉब येतो तेव्हा ड्रॉइंगवर माप आणि टॉलरन्स लिहिलेला असतो, व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२. कारागीर कितीही कसबी असला तरी ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच चुकीचा असेल तर शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत नाही, आणि दोष कारागिराचा नसतो. तू तो टॉलरन्स लिहितेस आणि जॉब त्यात बसला का ते तपासतेस. मिलिमीटरऐवजी सेकंदाच्या अब्जाव्या भागात. आता लीडने काय सांगितलं तेही त्यांना सांग: माप बसत नाही म्हणून ते माप तपासूच नका. उद्यमनगरात आयुष्य गेलेला माणूस यावर काय म्हणेल ते तुला ऐकण्यासारखं असेल.

कोल्हापुरातून कायमचं काम करण्याबद्दल मी तुला खोटी आशा लावणार नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या एमआयडीसींत फौंड्री आणि मशीनिंगचं काम नामांकित आहे, पण वायरलेस चिपचं डिझाइन बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा, चेन्नई इथे एकवटलंय. पुण्यात काही कंपन्या आहेत; कोल्हापूरपासून ते साधारण २३० किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवारी घरी येण्याजोगं. हे काम दुरून चालतं खरं, सर्व्हर तिकडेच असतो. अडथळा येतो तो चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या (यालाही फाउंड्रीच म्हणतात) डेटाच्या अटींचा आणि शिकण्याचा. डिझायनरच्या खुर्चीशेजारी उभं राहून दहा मिनिटांत जे कळतं ते मेलवर दोन दिवस घेतं, हे तू आत्ता अनुभवतेच आहेस. माझा सल्ला असा की निदान दोन टेपआउट पूर्ण होईपर्यंत टीमच्या सोबत राहा, आणि त्यातली एक चिप परत आल्यावर लॅबमध्ये ब्रिंग-अपला (चिप पहिल्यांदा चालू करताना) हजर राहायची परवानगी माग. त्यानंतर तू अर्धा महिना कोल्हापुरातून काम करते म्हणालीस तर तुझ्या शब्दाला वजन असेल.

आजींच्या आजारपणात घरी राहिलीस हे योग्यच केलंस, त्याचा अपराधीपणा मनात ठेवू नकोस. फक्त टेपआउटच्या शेवटच्या आठवड्यात घरची वीज आणि इंटरनेट दोन्हींची पर्यायी सोय करून ठेव, आणि डिझायनरचा मेल आज संध्याकाळच्या आत जाऊ दे.